घरचा कागद

नोकरीसाठी आलेल्या माणसाची पारख कशी करावी, या प्रश्नावर प्रत्येक दप्तराने आपापल्या परीने काही तोडगा काढलेला असतो, आणि तो तोडगा बहुधा त्या दप्तराच्या स्वभावाचाच दाखला असतो. शाळा पाठ घेऊन दाखवायला सांगतात, कारखाने यंत्रासमोर उभे करतात, कचेऱ्या टंकलेखनाचा वेग मोजतात. आणि पुण्यातील ज्या प्रकाशनसंस्थेत माझी उमेदीची वर्षे कोश, चरित्रे आणि इतिहासग्रंथ यांची मुद्रिते तपासण्यात गेली, तेथे उमेदवाराच्या हाती एक सदोष उतारा द्यावा आणि तो त्याने घरी नेऊन, सवडीने दुरुस्त करून आणून द्यावा, असा प्रघात होता. या उताऱ्याला दप्तरात ‘घरचा कागद’ असे नाव पडले होते. प्रघात माझा नव्हे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात माझ्या पूर्वीच्या संपादकांनी तो घालून दिला होता. परंतु संपादन विभागाची जबाबदारी माझ्याकडे आल्यावर तो चालवणे, त्यात फेरफार करणे, त्याविषयीच्या तक्रारी ऐकून घेणे आणि त्याच्या आधारे माणसे नेमणे हे सारे ओघाने माझ्याच वाट्याला आले, आणि त्यातून माणसांविषयी जे उमगले ते समोरासमोरच्या मुलाखतींतून मला क्वचितच उमगले असेल.

मुलाखतीविषयी माझ्या मनात आकस नाही. पण मुद्रितशोधनाचे काम असे आहे की त्यात बोलण्याच्या चातुर्याचा काडीइतका उपयोग होत नाही, आणि मुलाखतीत मात्र त्याखेरीज फारसे काही दिसत नाही. एक द्विपदवीधर तरुण आमच्याकडे आला होता. नवकाव्यापासून दलित आत्मकथनांपर्यंत कोणताही विषय काढावा आणि त्याने त्यावर अस्खलित बोलावे, अशी त्याची तयारी होती; निवडसमितीवर त्याची उत्तम छाप पडली आणि मालकांनी त्याच उत्साहाच्या भरात घरच्या कागदाचा सोपस्कार गाळून त्याला रुजू करून घेतले. त्याच्या नजरेखालून गेलेला पहिला सोळापानी फर्मा छापून आला, तेव्हा पानोपानी माथ्यावर ग्रंथकर्त्याचे आडनाव अशुद्ध होते. मजकूर त्याने मन लावून, किंबहुना रस घेऊन वाचला होता; माथा त्याने पाहिलाच नव्हता. पुस्तक वाचताना डोळा अर्थामागे धावतो, आणि मुद्रित वाचताना त्याला अक्षराशी थांबायला लावावे लागते; हे थांबणे कोणाला साधते आणि कोणाला साधत नाही, हे विचारून कळत नाही, काम देऊनच पाहावे लागते.

या समजुतीला मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाचाही काही आधार आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन संशोधकांनी १९९८ मध्ये, नोकरभरतीच्या निरनिराळ्या पद्धतींवर ८५ वर्षांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात, प्रत्यक्ष कामाचा नमुना करवून घेण्याची पद्धत आणि माणसाची पुढील कामगिरी यांचा सहसंबंध ०.५४, म्हणजे सर्वांहून वरचढ, निघाला. मोकळ्याढाकळ्या मुलाखतीचा ०.३८, आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येचा जवळजवळ शून्य. (आमचे एक विश्वस्त हस्ताक्षरावर फार भिस्त ठेवत. हा आकडा त्यांना दाखवण्याचा योग आला नाही.) पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरतपासणी करून हे आकडे बरेच खाली आणले, कामाच्या नमुन्याचा ०.३३ झाला, आणि सर्वांना तेच ठरीव प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत ०.४२ वर जाऊन पहिली ठरली. शिवाय देखरेखीखाली करवून घेतलेला नमुना निराळा आणि घरी नेलेला कागद निराळा. तेव्हा शास्त्राचा कौल आमच्या बाजूने निःसंदिग्धपणे पडला आहे, असा दावा मी करणार नाही.

कागदाचे स्वरूप सांगितल्याखेरीज पुढचे कळणार नाही. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळावर मुद्दाम रचलेला तो दीड-दोन पानांचा उतारा असे. विल्यम कॅरी यांचे १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेलेले मराठी व्याकरण, मोल्सवर्थ यांचा कोश, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना, असा त्याचा विषयविस्तार. त्यात पेरलेल्या स्थळांच्या तीन जाती होत्या. पहिली साध्या शुद्धलेखनाची: ‘परिक्षा’, ‘आशिर्वाद’ यांसारखी नित्याची स्खलने. दुसरी वस्तुस्थितीची: मुंबईचा निर्णयसागर पुण्याला आणून बसवलेला असे, आणि ‘केसरी’चा आरंभ १८८१ ऐवजी १८१८ असा, आकड्यांची अदलाबदल होऊन, पेशवाईच्या अखेरीस नेऊन ठेवलेला असे. या दोन जातींचे दोष सामान्य तयारीच्या माणसाला सापडत. खरी कसोटी तिसऱ्या जातीची. म्हणजे जी स्थळे पाहताक्षणी चुकीची वाटतात आणि वस्तुतः निर्दोष असतात त्यांची. ‘बुद्धी’ दीर्घ लिहावयाची हे पाठ असलेला मनुष्य ‘बुद्धिप्रामाण्य’ या समासातला ऱ्हस्वही झपाट्यात दीर्घ करून टाकतो. मोल्सवर्थच्या कोशाचे साल पहिल्या पानावर १८३१ आणि दुसऱ्यावर १८५७ दिसले, की दोहोंपैकी एक चुकलेच असले पाहिजे असे मानून तो एकावर रेघ मारतो. पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

सर्वांत उद्बोधक स्थळ ‘दर्पण’चे. त्या नियतकालिकाचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी, शके १७५३ मध्ये निघाला, असे वाक्य उताऱ्यात होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे कोष्टक आपण शाळेत शिकलेलो असतो; त्या हिशेबाने १७५३ चे १८३१ होतात, आणि साल चुकले असे वाटते. पुष्कळांचे तिकडे लक्षच जात नसे. काहींचे जाई, आणि ते मोठ्या आत्मविश्वासाने १८३२ खोडून १८३१ करीत, अथवा शक एकाने वाढवीत. एका तालुक्याच्या गावी पतपेढीत कारकुनी करणाऱ्या गृहस्थांच्या कागदावर मात्र त्या ओळीशेजारी समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘जानेवारी म्हणजे पौषाच्या आसपास. पाडव्याआधीचे महिने असल्यास ७९ मिळवावे लागतात, म्हणून साल बरोबर वाटते. तरी जुनी जंत्री पाहून खात्री करावी. मजजवळ जंत्री नाही.’ मजकुराला त्यांनी हात लावला नव्हता.

त्या गृहस्थांच्या कागदात शुद्धलेखनाचे कितीतरी दोष तसेच राहिले होते, आणि गुणांची नुसती बेरीज केली असती तर ते यादीत पुष्कळ खाली गेले असते. नेमणूक त्यांचीच झाली. शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर, असे अवघे अठरा आहेत. ते महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पाडता येतात. आपल्याला काय ठाऊक नाही हे ओळखून, ते लिहून ठेवून, मजकूर जसाच्या तसा ठेवण्याचा संयम मात्र शिकवून आल्याचे मी पाहिले नाही. पुढे त्यांच्या मेजावर दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड कायम उघडे पडलेले असत, आणि त्यांच्या समासातील शंकांनी एकाहून अधिक नामवंत लेखकांना फेरविचार करायला लावले. लेखक प्रथम चिडत. नंतर पुढच्या पुस्तकासाठी त्यांनाच मागून घेत.

याच्या उलट टोकाचा अनुभव एका प्रथितयश अध्यापकांनी दिला. उताऱ्यात १९६२ पूर्वीच्या धाटणीतले, अनुस्वारांनी गजबजलेले एक अवतरण होते, आणि ते अवतरणचिन्हांत होते. त्यांनी ते संपूर्ण आधुनिक करून, वाक्यरचनाही सुधारून, कागद इतका तांबडा केला की मूळ मजकूर शोधावा लागावा. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यावयाचे असतात, असे मी नम्रपणे सुचवताच ते म्हणाले, ‘अहो बाई, पण ते अशुद्ध होतं ना!’ त्यांच्या विद्वत्तेविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. परंतु संपादकाच्या हाती लेखणी असते ती लेखकाच्या वतीने, हे ज्याला मान्य नाही त्याच्या हाती ग्रंथ सोपवणे मला धोक्याचे वाटते.

कागद घरी जातो म्हणजे तो घरात जातो, ही गोष्ट हळूहळू ध्यानात आली. एका मुलीचा कागद सर्वांगपरिपूर्ण होता. भेटीत तिने विनासंकोच सांगितले की वडील मराठीचे निवृत्त शिक्षक, आणि रात्री जेवणानंतर दोघांनी मिळून तो तपासला. यात काही गैर आहे असे तिला वाटलेच नव्हते, आणि गैर तरी काय म्हणावे? आमच्या सूचनापत्रात ‘एकट्याने करावा’ असा शब्द कोठे होता? दुसऱ्या एका मुलाचा कागद घाईचा, अर्धवट, दुसऱ्या पानावर नजरच न फिरवलेला आला. तो वसतिगृहातील एका खोलीत चौघांबरोबर राहत होता, संगणक नव्हता, आणि मोबाइलच्या टीचभर पडद्यावर आमचा उतारा उघडला तेव्हा जुन्या अक्षरसंचातील जोडाक्षरे फुटून त्यांच्या जागी रोमन चिन्हांचा खच पडला होता. तसाच तो कागद त्याने अंदाजाने वाचला. म्हणजे आपण माणसाची पारख करतो असे समजतो आणि पुष्कळदा पारख होते ती त्याच्या घराची, मेजाची, दिव्याची आणि कोशांनी भरलेल्या किंवा न भरलेल्या फडताळाची. त्या मुलाला दप्तरात बोलावून, खुर्ची आणि छापील उतारा देऊन, पुन्हा बसवले. त्याचे काम उत्तम नव्हते, पण पूर्वीच्या कागदाशी त्याचा काही संबंधही नव्हता.

तेव्हापासून घरच्या कागदाला जोडून भेट घेण्याची तजवीज झाली. भेटीत साहित्यावर चर्चा नाही. कागद मध्ये ठेवावयाचा आणि चार-पाच स्थळांवर बोट ठेवून विचारावयाचे, हे असे का केलेत? ज्याने स्वतः काम केलेले असते तो बोलू लागतो, क्वचित स्वतःच्या दुरुस्तीवरच आक्षेप घेतो. ज्याने केलेले नसते तो नियम सांगू लागतो.

मोबदल्याचा प्रश्न एका पत्राने पुढे आणला. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी उमेदवारी करता करता जागा मिळवण्याची वहिवाट होती, आणि तिचे काही अवशेष आमच्याही दप्तरात असावेत; कारण घरच्या कागदाबद्दल कोणाला काही द्यावे हा विचार कधी निघाल्याचे दफ्तरी नमूद नव्हते. एका अर्जदार बाईंनी लिहिले: ‘आपला उतारा नीट तपासायचा तर माझा सबंध रविवार जाईल. रविवारी मी शिकवण्या घेते. त्या दिवसाचे बुडालेले पैसे आपण देणार असाल तर कागद पाठवावा, नाहीतर माझा अर्ज मागे घेतला असे समजावे.’ व्यवस्थापकांना हे उद्धटपणाचे वाटले. ‘नोकरी मागायला आलीय की वसुली करायला?’ असा त्यांचा शेरा मला अजून आठवतो. विश्वस्तांच्या बैठकीत विषय दोनदा तहकूब झाला आणि तिसऱ्यांदा, बरीच घासाघीस होऊन, कागदामागे ठरावीक मेहनताना द्यावा असे ठरले. काम चांगले असो वा वाईट, कागद परत आला की पैसे चुकते करायचे.

या ठरावाचा परिणाम अर्जदारांपेक्षा आमच्यावर अधिक झाला, हे नमूद केले पाहिजे. जे फुकट मिळते ते मागताना माणसाचा हात सैल सुटतो. आलेल्या प्रत्येक अर्जाला कागद धाडण्याची जी सवय जडली होती ती एका दिवसात मोडली, कारण आता प्रत्येक कागदाचा खर्च हिशेबाच्या वहीत पडणार होता. अर्ज बारकाईने वाचले जाऊ लागले, मोजक्यांना कागद जाऊ लागला, आणि दोन पानांच्या उताऱ्याचे सव्वा पान झाले. त्या सव्वा पानाने जे कळू नये असे दोन पानांनी काहीच कळत नव्हते, हेही त्या निमित्ताने सिद्ध झाले. पत्र लिहिणाऱ्या बाई मात्र आमच्याकडे आल्या नाहीत; ठराव होईपर्यंत त्यांना दुसरीकडे काम लागले होते.

याहून गंभीर प्रकार अन्यत्र चालतो, आणि त्याची हकिकत मी भुक्तभोगी माणसांच्या तोंडून ऐकली आहे. एका अनुवादकाला, नोकरीच्या आशेने, इंग्रजी चरित्राचे अखंड प्रकरण ‘नमुन्यादाखल’ मराठीत करून द्यायला सांगण्यात आले. उत्तर आले नाही. वर्षभराने ग्रंथ बाजारात आला, त्यात त्याचे प्रकरण जवळपास शब्दशः होते, आणि शैली दर प्रकरणाला बदलत होती, यावरून त्याच्यासारखे इतरही असावेत असा तर्क त्याने केला. ऋणनिर्देशात कोणाचेच नाव नव्हते. हे ऐकल्यापासून मी दप्तरात एक ताकीद देऊन ठेवली, की छापखान्याच्या वाटेवर असलेल्या कोणत्याही ग्रंथातील एक ओळही घरच्या कागदात येता कामा नये. उतारा रचलेलाच हवा. तो तपासून झाल्यावर आमच्या काडीच्याही उपयोगाचा नसावा.

कागदाचा एक लाभ मात्र कोणत्याही संशोधनात नमूद झालेला मला आढळला नाही, आणि आपल्याकडील संस्थांत तो सर्वांत मोलाचा ठरतो. तो म्हणजे वशिल्यापासून संरक्षण. विश्वस्तांचा भाचा, लेखकाची सून, ग्रंथालय-संघातील कोणा पदाधिकाऱ्याचा जावई, यांची नावे चिठ्ठीवर येतात आणि ‘जरा पाहा’ एवढाच त्यावर मजकूर असतो. नाही म्हणणे कठीण, होय म्हणणे त्याहून कठीण. परंतु ‘पाहते की’ म्हणून कागद पाठवता येतो, आणि तो परत आला की, नाव झाकून, दोन निरनिराळ्या तपासनिसांकडून त्यावर लेखी शेरे घेता येतात. शिफारस करणाऱ्या गृहस्थांसमोर ते शेरे आणि तो कागद ठेवला की बहुधा त्यांचेच मन पालटते. ‘केसरी’ पेशवाईत निघाला असे मान्य करून बसलेल्या भाच्याचा कागद पाहून आमचे एक विश्वस्त बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, ‘याला बँकेच्या परीक्षेला बसवतो.’ भाचा पुढे बँकेत चांगला वर चढला, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

अलीकडच्या काळात या साऱ्यावर निराळेच संकट आले आहे. मजकूर तपासणारी आणि लिहून देणारी संगणकीय यंत्रे घरोघरी पोहोचल्यापासून निरनिराळ्या गावांहून आलेल्या कागदांवर एकाच ठशाच्या टिपा दिसू लागल्या: सौम्य, नीटस, आणि कोणत्याही कोशाचे पान न सांगणाऱ्या. ‘परिक्षा’ आणि ‘आशिर्वाद’ आता कोणाचेच चुकत नाहीत. म्हणजे पहिल्या जातीचे दोष कसोटी म्हणून निकामी झाले. आमच्या काही सहकाऱ्यांनी घरचा कागद बंदच करावा असा आग्रह धरला. मला तो पटला नाही. एका तरुणीला भेटीत विचारले, की ही टीप आपण कशावरून लिहिली? ती म्हणाली, ‘यंत्रानं सुचवली. पण मला ती पटेना, म्हणून वाचनालयात जाऊन कोश पाहिला. यंत्राचं चुकलं होतं, ते खाली लिहिलंय बघा.’ खाली खरोखरच खंड आणि पृष्ठ लिहिलेले होते. तिला आम्ही घेतले. त्याच दिवशी दुसऱ्या एकाने, तितक्याच निर्दोष कागदाच्या बळावर, यंत्राची टीप शब्दशः पाठ म्हणून दाखवली, आणि ‘पौष म्हणजे इंग्रजी कोणता महिना?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून मोबाइल खिशातून काढला.

कागद पाठवणाऱ्या संस्थांना माझी विनंती एवढीच, की तो लहान ठेवावा, त्याचे पैसे द्यावेत आणि ज्याला नाकारले त्याला दोन ओळींत कारण कळवावे. आमच्याकडे मुदत पंधरा दिवसांची आहे आणि ती पाळली जाते. आणि या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या वाचकांना एक खुलासा: ‘दर्पण’चा उतारा येथे मीच उघड केल्यामुळे तो आता बाद झाला आहे. नवा रचून तयार आहे, आणि त्यात पौष महिना नाही.